बिनलोण्याचं चीज

आमच्या कोकणात दूध म्हणजे चहापुरतं पळीभर, आणि तेही ज्याची गाय व्यायली असेल त्याच्याकडे. गोडधोड करायचं तर नारळाचा रस. त्यामुळे साताऱ्याला सुभेदारांच्या डेअरीत पहिल्यांदा गेले आणि माझ्या कंबरेला लागतील एवढे दुधाने भरलेले कॅन ओळीने मांडलेले पाहिले, तेव्हा मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. माझा भाऊ पलटणीत होता आणि त्याच्याच कंपनीतल्या तासगावकडच्या एकाशी त्याने माझं लग्न जमवलं. चौथीनंतर माझी शाळा सुटलेली, पुढे शिकवण्याचा विषयच नव्हता. घाट चढून सासरी आले. वर्षभरात नवरा बोटीने गेला आणि काही महिन्यांनी त्याची खबर येईनाशी झाली. मेला असं कुणी कळवलं नाही, आहे असंही कळवलं नाही. कुंकू लावायचं की नाही हे घरात कुणी सांगेना, म्हणून मी लावत राहिले. तो परत आला नाही. ती हकीकत निराळी आहे, ती मी इथे सांगत बसणार नाही. इथे मला एका लेकराबद्दल लिहायचं आहे, ज्याच्या पोटाला लोणी सोसत नव्हतं.

सासरी सगळे माझ्याशी बरे वागत, पण मी समोर आले की बोलणं थांबे. तेव्हा सासऱ्यांची बहीण, आमच्या आत्याबाई, साताऱ्याहून आल्या होत्या. बाल्यावस्थेत लग्न आणि तरुणपणी वैधव्य, मूलबाळ नाही, सुभेदारांच्या गोठ्यावर धारा काढून स्वतःचं पोट भरणारी बाई. त्यांनी दोन दिवस माझ्याकडे पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "हिला हितं ठिवलीस तर भिंतीकडं बघून बघून येडी हुईल. मी घिऊन जाती." मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. त्यांचे उपकार मी आजही मोजू शकत नाही.

सुभेदारांनी नोकरीची शेवटची वर्षं लष्कराच्या डेअरीत काढली होती. पेन्शनीत आल्यावर त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी, गावाच्या टोकाला, काही म्हशी आणि काही गाई बांधल्या आणि लष्कराच्या लिलावातून दूध सपरेट करायचं एक यंत्र आणलं. मिशा पांढऱ्या, आवाज परेडचा. मला पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "आकडं वाचता येत्यात का?"

"येतात."

"टिंबानंतरचं?"

"तेही येतात."

"मंग झालं. ह्या गोठ्यात टिंबानंतरचं वाचणारं कुणी न्हाई."

मला यंत्रावर घातलं. हँडल फिरवायचं, सावकाश सुरुवात करून घुमण्याचा आवाज एकसारखा होईपर्यंत. मग वरच्या भांड्यातून दूध सोडायचं. एका तोटीतून दाट पिवळसर मलई पडे, दुसरीतून निळसर झाक असलेलं पातळ दूध. त्या पातळ दुधाला सपरेट म्हणत. ते वासरांना जाई, उरलं तर कुत्र्यांना. गावातलं कुणी ते फुकटही नेत नसे. नेलं आणि शेजाऱ्यांनी पाहिलं तर अब्रू जाईल असं त्यांना वाटे.

दुसरं काम फॅट लावण्याचं, म्हणजे दुधात तूप किती ते मोजण्याचं. जाड काचेची, वर बारीक मान असलेली नळी असे. तिच्यात आधी तेजाब, त्यावर सावकाश दूध, मग एका उग्र वासाच्या औषधाचं टिपूस, आणि रबरी बूच. नळी फडक्यात गुंडाळून हलवली की ती हातात भाजण्याइतकी तापे आणि आतलं दूध काळपट तांबडं होई. मग ती चक्रात घालून गरगर फिरवायची, कोमट पाण्यात उभी करायची आणि उजेडाकडे धरायची. काळ्या पाण्यावर मानेत पिवळ्या तुपासारखा एक स्तंभ उभा राही. त्याची उंची म्हणजे फॅट. म्हशीचं सात, कधी त्याच्या वर. गाईचं चारच्या आसपास. सपरेटला मानेत काही दिसतच नसे, फार तर एक केसाएवढी रेघ. माझ्या दोन्ही लुगड्यांना तेजाबाची भोकं पडली. बूच उडेल, नळी फुटेल, सुभेदार मला परत तासगावला पाठवतील, ही भीती मला रोज वाटायची. तेवढीच एक गोष्ट मला तेव्हा वाटत असे.

गावाबाहेर युद्धामुळे आणून ठेवलेल्या परदेशी कुटुंबांची छावणी होती. दिवसा त्यांना ठरल्या वेळेपुरतं बाहेर पडायची मुभा असे. त्यांचं दूध आमच्याकडून जाई. त्यांच्यातली एक बाई एक दिवस डेअरीवर आली. उंच, हाडं दिसणारी, केस पुरुषासारखे कापलेले. सुभेदारांशी इंग्रजीत आणि आमच्याशी चार-दोन हिंदी शब्दांत बोलली. तिला चीज करता येत होतं. छावणीतल्या लोकांना ते हवं होतं आणि सुभेदारांना सपरेटचं काय करायचं हा प्रश्न होताच. तिला मागची खोली मिळाली.

चीज करायचं म्हणजे दूध नासवायचं. आत्याबाईंना हे पटेना. "उतू गेलं तर बरकत म्हणत्यात. नासलं तर तोंड फिरवत्यात. आन् ही मुद्दाम नासवती?" बाईने चुलीवरच्या दुधात गोळी विरघळवून घातली की आत्याबाई गोठ्यात निघून जात. त्या गोळीत काय असतं हे त्यांनी सुभेदारांना विचारलं होतं. सुभेदार म्हणाले, "औषध." ती वासराच्या जठरापासून करतात हे मला फार पुढे कळलं.

बाई तीन प्रकारचं चीज करायची. एक गाईच्या अख्ख्या, मलई न काढलेल्या दुधाचं, फडक्यात बांधून दगडाखाली दाबलेलं, मिठाच्या पाण्यात बुडवून फळीवर आठवडे आठवडे वाळवलेलं. दुसरं मलईचं, लोण्यासारखं मऊ, ते छावणीतल्या काही घरांपुरतंच. तिसरं सपरेटचं, पांढरंशुभ्र, ओलसर, दाणेदार. या तिन्हींना फॅट लावायचं काम माझ्याकडे आलं. चीजचा तुकडा वजन करून तेजाबात विरघळवायचा, पुढचं सगळं दुधासारखंच.

मी समजत होते की जे मऊ ते स्निग्ध आणि जे कोरडं ते रुक्ष. तसं नव्हतं. दगडासारखं वाळलेलं चीज नळीत घातलं तर पिवळा स्तंभ दुधाच्या कितीतरी पट चढला. पाणी निघून गेलं होतं, तूप आतच राहिलं होतं. आणि ते पांढरंशुभ्र, ओलं, दिसायला ताज्या लोण्याच्या गोळ्यासारखं सपरेटचं चीज, त्यात काहीच नव्हतं. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुज्या नळीला काय कळतंय? ह्ये लाकूड आन् त्यात तूप व्हय!"

ते तिसरं चीज बाई विकत नसे. ते तिच्या मुलासाठी होतं.

मुलगा तीनेक वर्षांचा असेल. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. मांड्यांची कातडी सैल लोंबायची. छावणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याच्या आतड्याला तूप-तेल झेपत नाही, आणि गहूही नाही. फॅट पोटात गेली की ती तशीच बाहेर पडते आणि जाताना अंगातलं सगळं घेऊन जाते. त्याला फक्त पिकलेली केळी आणि बिनफॅटचं चीज द्या, बाकी काही नाही. तरी ते जगेल की नाही याची खात्री ते देत नव्हते. हे सुभेदारांनी आम्हाला मराठीत समजावून सांगितलं, आणि मग आत्याबाईंकडे वळून मुद्दाम म्हणाले, "टिपूसभरबी लोणी न्हाई. ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

"मी काय बोलली का?" आत्याबाई म्हणाल्या.

चीज रात्रभर फडक्यात निथळून सकाळी तयार होई. बाईला डेअरीवर रोज सकाळी येणं जमत नसे, म्हणून मुलाच्या वाटणीचं चीज अॅल्युमिनियमच्या, आम्ही जर्मनचा म्हणायचो त्या, झाकणाच्या डब्यात घालून आत्याबाई छावणीच्या फाटकावर पोचवीत. पुढे पुढे पहारेकरी त्यांना आत सोडू लागला. मुलाला त्यांची सवय झाली. तो खाटेवर पडलेला असे आणि त्यांचं बोट धरी. आत्याबाई परत आल्या की दिवसभर त्याच्याबद्दलच बोलत. "डोळं कसं निळं हायती, लिंबाच्या फुलावर आभाळ पडल्यावानी. पर अंगावर मास न्हाई गं. रामा! हाताला हाडं टोचत्यात."

असे दीड-दोन महिने गेले. मूल सुधारेना. उलट उतरत चाललं. बाई डेअरीवर आली की काम करता करता मध्येच थांबायची आणि भिंतीकडे बघायची. ते बघणं मला ओळखीचं होतं. एक दिवस तिने सुभेदारांना सांगितलं की यंत्र बिघडलंय, सपरेटमध्ये फॅट राहतेय. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोघांदेखत फॅट लावली. नळीच्या मानेत रेघही नव्हती.

"चीज?" बाई म्हणाली.

चीजला लावली. तेही कोरं.

मग बाईने पिशवीतून एक बशी काढली. मुलाने सकाळी अर्धं टाकलेलं चीज होतं ते. तिने ती माझ्यापुढे सरकवली आणि निघून गेली, तिची परतायची वेळ झाली होती. सुभेदार गिऱ्हाइकाकडे गेले. मी वजन केलं, तेजाब घातलं, हलवलं, फिरवलं, उजेडाकडे धरलं.

मानेत पिवळा स्तंभ उभा होता. अख्ख्या दुधाच्या चीजइतका नाही, पण स्वच्छ, बोटाच्या पेराएवढा.

माझंच काही चुकलं असेल म्हणून बशीतलं उरलेलं घेऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच. डेअरीतून निघताना कोरं असलेलं चीज छावणीत पोचेपर्यंत लोण्याचं होत होतं. मधल्या वाटेवर एकच माणूस होतं.

आत्याबाई हौदावर कॅन घासत होत्या. मी जाऊन उभी राहिले. मला आडून विचारता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

"आत्याबाई, तुम्ही पोराच्या चीजमध्ये लोणी घालता?"

त्यांनी कॅन उपडा केला, पाणी निथळू दिलं. मग म्हणाल्या, "व्हय. घालती. मंग?"

"डॉक्टरांनी—"

"डाक्टरला लेकरं हायती का? इचार जा. अगं, वासरू आजारी पडलं तर आपण त्येला सपरेट पाजतो का गाईचं? बाळंतिणीला तूप, बाळाच्या टाळूला तेल, म्हाताऱ्याच्या तळपायाला लोणी. कुडीत जीव ऱ्हातो तो कशानं? आन् ह्या पोराला तुमी काय देता, तर कुत्र्याचं! ती आय हाय का वैरीण?"

"किती घालता?"

त्यांनी अंगठा आणि बोट जोडून दाखवलं. सुपारीएवढं. मलईचं सकाळचं ताजं लोणी, त्यांच्या स्वतःच्या वाटणीचं. सुभेदार गोठ्यावरच्या बायकांना रोज थोडं लोणी देत, तेच. रस्त्याकडेच्या पाराशी बसून डबा उघडायचा आणि अंगठ्याने चीजमध्ये मळायचं, कुणाला दिसू नये इतकं बारीक. म्हणजे दोन महिने त्या स्वतः कोरडी भाकरी खात होत्या. मला ते कळलं नव्हतं, एका चुलीवर जेवत असून.

"त्येनं पोर मरतंय, आत्याबाई." मीही त्यांच्यासारखंच बोलून गेले.

"लोण्यानं कोण मरत न्हाई."

मी तिथून निघाले. सुभेदारांना सांगितलं तर आत्याबाईंची जागा जाईल. त्यांची गेली की माझीही गेली. तासगावला परत जायचं, भिंतीकडे बघायला. हे सगळं माझ्या डोक्यात ओळीने आलं, आणि तरी आत काही हललं नाही. पाय सुभेदारांच्या खोलीकडे चालत गेले. दोन्ही नळ्या त्यांच्या टेबलावर उभ्या केल्या, एक कोरी, एक पिवळी, आणि जे होतं ते सांगितलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चला. दोघीबी."

छावणीच्या व्हरांड्यात बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. सुभेदारांनी उभं राहूनच, इंग्रजीत, सगळं सांगितलं. मला एकही शब्द कळला नाही, पण आत्याबाईंकडे बोट गेलं तेव्हा कळलं. बाईने ऐकून घेतलं. तिचा चेहरा बदलला नाही. तिने मुलाचा सदरा वर केला आणि त्याची पाठ आमच्याकडे वळवली. मणके असे वर आले होते की मोजता यावेत. असं तिने बराच वेळ धरून ठेवलं.

आत्याबाई पुढे झाल्या. "आवं बाई," त्या मराठीतच बोलल्या, "मी वाईट म्हणून न्हाई घातलं. त्येला ताकद यावी म्हणून घातलं. सांगा तिला सुभेदार."

सुभेदारांनी सांगितलं. बाईने आत जाऊन एक काचेचं भांडं आणलं आणि झाकण काढून आत्याबाईंच्या नाकाजवळ धरलं. मुलाची सकाळची शी होती ती, डॉक्टरांना दाखवायला ठेवलेली. पांढरट, फेसाळ, आणि वर तेलाचा तवंग. लोण्याचा वास येत होता. आंबलेल्या लोण्याचा.

आत्याबाईंनी आयुष्यभर लोणी काढलं होतं. तो वास त्यांना नळीपेक्षा जास्त कळला असावा. "म्हंजी पोटात ऱ्हायलंच न्हाई?" त्या म्हणाल्या. "सगळं असंच पडलं?"

"सगळं," सुभेदार म्हणाले. "आन् जाताना त्येचंबी घिऊन गेलं."

मला वाटलं, आता बाई म्हणेल हिला हाकला. सुभेदारही तेच ऐकायला थांबले होते. बाईने भांडं झाकलं आणि आत्याबाईंना म्हणाली, "कल से इधर. हमारे सामने." आणि चमच्याने भरवायची खूण केली.

म्हणजे डबा दुसऱ्या कुणी आणायचा नव्हता. आत्याबाईंनीच आणायचा, आणि आईसमोर बसून स्वतःच्या हाताने भरवायचं. मी तेव्हा तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती, दयाही करत नव्हती. तिला बहुधा एवढंच दिसलं होतं की मूल दुसऱ्या कुणाचं बोट धरत नाही.

सुभेदारांनी मला आत्याबाईंसोबत जायला लावलं. रोज सकाळी आम्ही दोघी निघायचो. डबा माझ्या हातात. पाराजवळून जाताना आत्याबाई मान खाली घालत. व्हरांड्यात पोचल्यावर त्या हात धुवायच्या, दोनदा, राखेने, बोटांना लोण्याचा ओशटपणा असेल म्हणून. मग चमचा चमचा भरवायच्या. आठवड्यातून एकदा मी बशीतलं उरलेलं घेऊन येई आणि फॅट लावी. कोरं. सुभेदारांना दाखवी. ते नुसती मान हलवत. लोण्याची आपली वाटणी आत्याबाई पुन्हा घेऊ लागल्या, पण ती माझ्या भाकरीवर घालीत. मी नको म्हणाले तर, "तुला तर चालतंय न्हवं? का तुलाबी डाक्टरनं सांगितलंय?"

मुलाला लगेच बरं वाटलं नाही. पहिले काही आठवडे फरक कळेना आणि मला रोज भीती वाटे की आता उशीर झाला. आत्याबाई वाटेत बोलायच्या बंद झाल्या. एकदाच म्हणाल्या, "त्ये गेलं तर म्या मारलं म्हणायचं का गं?" मला खरंच माहीत नव्हतं. काही महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या कुंकवाबद्दलही असेच प्रश्न विचारले होते आणि कुणी उत्तर दिलं नव्हतं.

थंडी पडायला लागली. वाईकडची केळी यायची थांबली, सांगलीकडची येऊ लागली. मुलगा खाटेवर उठून बसू लागला. मग खाटेला धरून उभा राहू लागला. पोटाचा नगारा जरा ओसरला. मांडीची लोंबणारी कातडी कधी भरली ते दिसलं नाही. एक दिवस ती लोंबत नव्हती, एवढंच. डॉक्टरांनी बाईला काहीतरी सांगितलं, तिने सुभेदारांना, त्यांनी आम्हाला, की धोका बहुतेक टळला, पण वर्ष-दीड वर्ष हेच खायचं. आत्याबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि सोडून दिला.

आणि मग एका सकाळी त्याने चीज खायचं नाकारलं.

आत्याबाईंनी चमचा पुढे केला तर त्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूने केला तर हात मारला. चीज फरशीवर पडलं. त्याने बशीही ढकलून दिली, ती फुटली, आणि तो रडायला लागला. आजवर आम्ही त्याला नुसतं कण्हताना ऐकलं होतं. हे रडणं निराळं होतं, अंगात जोर आलेल्या पोराचं. तोंड लाल करून, पाय आपटून, छावणीतले लोक खिडक्यांतून डोकावतील असं.

"आता गं बया," आत्याबाई म्हणाल्या. "रुसलं!"

बाई आतून धावत आली आणि दारात थांबली.

"आरं राजा, लय ग्वाड हाय, बघ," असं म्हणत आत्याबाईंनी डब्यातलं बोटभर चीज घेतलं. नासवलेलं दूध त्यांनी जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. डोळे मिटून त्यांनी ते तोंडात टाकलं. चावता येईना, गिळता येईना. चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला, पण डोळे उघडून त्या मुलाकडे बघून हसत राहिल्या. "ग्वाड! लय ग्वाड!" आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "आय गं. पोरगं ह्ये रोज खातंय व्हय? मी असती तर मीबी बशी फोडली असती."

मुलगा क्षणभर थांबला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

बाई व्हरांड्याच्या पायरीवर बसली. तिने त्याला उचललं नाही, गप्प केलं नाही. आत्याबाईही डबा मांडीवर ठेवून तशाच बसल्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडेही नाही. समोरच्या माळाकडे बघत त्या ते रडणं ऐकत होत्या.

मला वाटलं, आता मला काहीतरी वाटेल. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग फुटक्या बशीचे तुकडे पदरात गोळा केले, फरशी पुसली आणि दुसरं चीज आणायला डेअरीकडे निघाले. फाटकापर्यंत त्याचा आवाज येत होता. पहारेकऱ्याने विचारलं, "कोण रडतंय एवढं?"

"आमचा मुलगा," मी म्हणाले, आणि पुढे चालू लागले.